रोग रांगेत उभा राहत नाही

बडोद्याच्या रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला अलकापुरी वसली आहे. नाव कुबेराच्या राजधानीचे, आणि वस्तीही त्या नावाला फारसा बट्टा लावणारी नाही. बंगले, पेढ्या, उपाहारगृहे आणि जागोजागी डॉक्टरांच्या पाट्या. लोहमार्गाच्या पूर्वेला जुने शहर पसरले आहे. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी ही नावे तेथील मराठी घरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओठांवर आहेत. त्याच बाजूला सर सयाजीराव जनरल रुग्णालय उभे आहे. त्याच्या दाराशी शहरातले गोरगरीब येतात, तसेच छोटा उदेपूरकडच्या आदिवासी पट्ट्यातलेही येतात. या दोन बाजूंना जोडणारा रेल्वेखालचा भुयारी रस्ता आहे. बडोदेकर त्याला गरनाळे म्हणतात. पावसाळ्यात गरनाळे तुंबले, की अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे अडकतात. कर्करोगाला मात्र असे कोणतेही गरनाळे अडवीत नाही. तो रुळांच्या दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेने शिरतो, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांकडून एकच गोष्ट फुकट मिळवतो. ती गोष्ट म्हणजे वेळ.

सधन रुग्णाचा वेळ मतांमध्ये जातो. एका तज्ज्ञाने शस्त्रक्रिया सांगितली म्हणून दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तेच सांगितले म्हणून तिसऱ्याकडे, आणि मग कोणा आप्ताने सुचविले म्हणून चाकू न लावता गाठ विरघळविण्याची हमी देणाऱ्या एखाद्या भोंदूकडे. निर्धन रुग्णाचा वेळ कागदांत जातो. तपासणीची तारीख, अहवालाची तारीख, कार्डावरील नावातील चूक, मंजुरीची वाट, खाटेची वाट. पहिल्याच्या हाती अधिक मते असतात, दुसऱ्याच्या हाती अधिक कागद असतात. दोघांच्याही शरीरातील गाठ मात्र त्या अवधीत वाढत असते. बडोद्याचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले आहे. ज्या नगरीत १९४९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिच्यापासून थोड्याच अंतरावर वाघोडिया तालुक्यातील गोरज येथे मुनी सेवा आश्रमाचे कैलास कॅन्सर रुग्णालय आहे आणि जेथून मुंबई-अहमदाबादला दिवसभर गाड्या सुटतात, तेथेही रुग्णाचे आठवडे असे वाया जाऊ शकतात. तर मग कोकणातल्या, मराठवाड्यातल्या किंवा गोव्याच्या सीमेवरच्या खेड्यातील रुग्णाची अवस्था काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

शस्त्रक्रियेला थोडा उशीर झाला तर असे काय बिघडते, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर आता केवळ अनुभवी शल्यचिकित्सकाच्या अंदाजावर सोडलेले नाही. ते मोजले गेले आहे. कॅनडातील टिमोथी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक व्यापक पाहणी प्रसिद्ध केली. निरनिराळ्या देशांतील ३४ अभ्यासांतून बारा लाखांहून अधिक रुग्णांची माहिती त्यांनी एकत्र तपासली. ज्या कर्करोगांत शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार आहे, त्यांत शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आठ आणि बारा आठवड्यांच्या विलंबात तो त्याच चढणीने वाढत जातो.

या टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण आकड्यांनी माणूस जितका सावध होतो तितकाच फसतोही. याचा अर्थ असा नव्हे, की महिनाभर थांबलेल्या शंभर रुग्णांपैकी आठ जण त्या उशिरानेच दगावतात. समजा, एका विशिष्ट प्रकारच्या व अवस्थेच्या रोगाने शंभरांपैकी वीस रुग्ण काही वर्षांत मरण पावणार आहेत. चार आठवड्यांच्या विलंबाने ही संख्या एकवीस ते बावीसच्या घरात जाते आणि बारा आठवड्यांच्या विलंबाने पंचवीसच्या आसपास पोहोचते. एखाद्याला हा फरक किरकोळ वाटेल. पण ज्या देशात दरवर्षी सुमारे चौदा ते पंधरा लाख नवे कर्करुग्ण आढळतात असा अंदाज आहे, तेथे शंभरांमागे एक-दोन हा हिशेब हजारोंच्या चितांचा होतो. आणि ज्या घरातला माणूस जातो त्या घरापुरता तो हिशेब शंभरांपैकी एकाचा नसतो, तो पूर्ण असतो.

हे का घडते, हेही अगम्य नाही. कर्करोगाच्या पेशी विभागत राहतात, गाठ आकाराने वाढते, जवळच्या ऊतींत मुळे पसरते, लसिकाग्रंथींत शिरते आणि पुढे रक्तावाटे दूरच्या अवयवांत ठाण मांडते. गाठ एका जागी आहे तोवर शल्यचिकित्सकाचा चाकू तिला समूळ काढू शकतो. तिने घर सोडले की चाकूची सत्ता संपते. डेन्मार्कमधील काही संशोधकांनी २००७ साली एक छोटा पण डोळे उघडणारा अभ्यास प्रसिद्ध केला. घसा, तोंड आदी भागांच्या कर्करोगाचे ६१ रुग्ण किरणोपचाराची वाट पाहत होते. रोगनिदानाच्या वेळी त्यांच्या ज्या प्रतिमा घेतल्या होत्या त्यांची तुलना उपचारापूर्वी पुन्हा घेतलेल्या प्रतिमांशी केली गेली. दोहोंमधले अंतर साधारण चार आठवड्यांचे होते. तेवढ्या काळात ६२ टक्के रुग्णांची गाठ मोजण्याइतकी वाढली होती आणि दर पाचांपैकी एकाच्या लसिकाग्रंथींत रोग नव्याने दिसू लागला होता. ती प्रतीक्षा किरणोपचाराची होती, शस्त्रक्रियेची नव्हती, हे खरे. पण गाठीला आपण कशाची वाट पाहतो आहोत हे कुठे ठाऊक असते?

या विषयात सर्वांत बोलका पुरावा बाहेरून आणावा लागत नाही; तो आपल्या परळमध्येच सिद्ध झाला आहे. तोंडाचा कर्करोग हा आपल्या पश्चिम किनाऱ्याचा जुना शाप. मशेरी, तंबाखू, मावा आणि गुटखा ही त्याची सारी भावंडे. अशा रुग्णाच्या तोंडातली गाठ लहान आहे आणि मानेत हाताला काही लागत नाही, तर तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथीही काढाव्यात, की तेथे रोग प्रकट होईपर्यंत लक्ष ठेवून थांबावे, याबद्दल जगभरच्या शल्यचिकित्सकांत कित्येक वर्षे वाद होता. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे रुग्णांचे दोन गट करून हा प्रश्न तडीस नेला. ५०० रुग्णांच्या माहितीवर आधारलेला निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मानेची शस्त्रक्रिया आरंभीच झालेल्या गटात तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात होते. रोग दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. रुग्णालय तेच, शल्यचिकित्सक तेच, मानेची शस्त्रक्रियाही तीच. एका गटात ती आधी झाली, दुसऱ्यात गरज दिसल्यावर. या दुसऱ्या गटातील रुग्ण कुठे हरवले नव्हते. ते नियमित तपासणीखाली होते. तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत थांबण्याची ही किंमत असेल, तर कोणाचीही नजर नसलेल्या प्रतीक्षायादीत थांबण्याची किती असेल?

तथापि, या विवेचनाचा विपर्यास होऊ नये. त्वरा आणि घाई या दोन भिन्न गोष्टी आहेत. निदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशी टेबलावर झोपले पाहिजे, असे कोणीही जाणता डॉक्टर सांगणार नाही. गाठीचा तुकडा तपासणे, रोग कुठवर पसरला आहे याच्या प्रतिमा घेणे, हृदय व फुप्फुसे भूल सोसतील की नाही हे पाहणे, मधुमेह आटोक्यात आणणे, या गोष्टींना लागणारा वेळ हा उशीर नव्हे. तो शस्त्रक्रियेचाच भाग आहे. काही कर्करोगांत आधी औषधे किंवा किरणे देऊन गाठ लहान करावी लागते, मग चाकू. तोही उपचारच होय. पुरःस्थ ग्रंथीचे किंवा गलग्रंथीचे काही मंद कर्करोग तर असे असतात, की त्यांच्यावर नुसती नजर ठेवणेच शहाणपणाचे ठरते. उलटपक्षी, कर्करोगाची शंकाच न घेता साधी गाठ समजून घाईने अर्धवट कापून टाकलेली गाठ पुढच्या तज्ज्ञाचे काम अवघड करून ठेवते. तेव्हा आमचे म्हणणे इतकेच, की जो वेळ रुग्णाच्या हितासाठी खर्च होतो तो खर्च व्हावा; जो वेळ कोणाच्याही हिताचा नाही तो एक दिवसही वाया जाऊ नये. हा भेद डॉक्टरला ठाऊक असतो. रुग्णाला तो कोणी समजावून सांगत नाही, आणि व्यवस्थेला तो करावासाच वाटत नाही.

असा वाया जाणारा वेळ कुठे कुठे जातो? पहिला घरात. तोंडातला चट्टा दुखत नाही, स्तनातली गाठ दुखत नाही, मग डॉक्टर कशाला? दुखण्यावरून रोगाचे गांभीर्य ठरविण्याची आपली सवय येथे घात करते, कारण आरंभीचा कर्करोग बहुधा मूक असतो. तुकडा काढला की, सुई लागली की, रोग सर्वांगात पसरतो, ही समजूत शिकलेल्या घरांतही ठाण मांडून आहे. तिला पुरावा नाही. तपासणी टाळल्याने रोग पसरतो याला मात्र भरपूर पुरावा आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर घराचे पंचांग आडवे येते. मुलीचे लग्न पार पडू दे, नातवाची परीक्षा होऊ दे, दिवाळी होऊ दे, पितृपंधरवडा संपू दे. घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्यासाठी धावणारी बाई स्वतःचे अंगावरून जाणे वर्षभर पदराआड झाकून ठेवते, आणि तिला विचारावे असे कोणाला वाटत नाही. आपल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० सालच्या अहवालाने हेच आकड्यांत सांगितले आहे. डोके व मान या भागांच्या कर्करोगाचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण रुग्णालयात पोहोचतात, तेव्हा रोगाने मूळ जागेची मर्यादा ओलांडून आसपास हातपाय पसरलेले असतात.

दुसरा वेळ जातो पहिल्या डॉक्टरकडे. तोंड आले आहे म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दाढ टोचते म्हणून दाढेचा उपचार, शौचावाटे रक्त जाते म्हणून मूळव्याधीचे औषध. यातले प्रत्येक निदान शंभरातल्या नव्वद रुग्णांच्या बाबतीत बरोबरही असेल. दोष पहिल्या औषधात नसतो. तेच औषध तिसऱ्यांदा लिहून देण्यात असतो. तीन आठवड्यांत न भरलेला तोंडातला व्रण तपासणीसाठी पुढे पाठविला पाहिजे, हा नियम प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे.

तिसरा वेळ जातो रुग्णालयाच्या दारापासून शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत, आणि या लेखाचा मुख्य रोख त्याच्याकडे आहे. कारण पहिले दोन विलंब अज्ञानाचे असतात, हा तिसरा निदान झाल्यानंतरचा असतो. येथे रोगाचे नाव ठाऊक असते, उपचार ठाऊक असतो, करणारा हातही ठाऊक असतो. उणीव असते ती कधी भूलतज्ज्ञाची, कधी अतिदक्षता विभागातील खाटेची, कधी तुकड्याच्या अहवालाची, तर कधी एका सहीची. या टप्प्यावर गेलेला प्रत्येक आठवडा समाजाने जाणूनबुजून गमावलेला आठवडा असतो.

कोविडच्या साथीने या तिसऱ्या विलंबाचा एक विदारक प्रयोगच आपल्यापुढे मांडला. राष्ट्रीय कर्करोग जालातील ४१ केंद्रांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. २०१९ च्या तुलनेत २०२० च्या मार्च ते मे या महिन्यांत नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रियांची संख्या ४९ टक्क्यांनी घटली होती. ६१ देशांतील २०,००६ रुग्णांच्या दुसऱ्या एका पाहणीत असे दिसले, की जेथे संपूर्ण टाळेबंदी होती तेथे शस्त्रक्रिया ठरलेल्या दर सात रुग्णांपैकी एकाची शस्त्रक्रिया होऊच शकली नाही. त्या वेळी कारण अपूर्व होते आणि डॉक्टरांनी जिवावर उदार होऊन जे केले त्याचे मोल कमी नाही. पण साथ गेली, टाळेबंदी उठली. आणि ज्यांच्यासाठी सामान्य दिवसांतही शस्त्रक्रियागृहाचे दार टाळेबंदीसारखेच बंद असते, त्यांची मोजदाद कोण करतो? साथीत ती झाली, कारण सारे जग हवालदिल झाले होते. एरवी रांग हा आपल्याकडे निसर्गनियम समजला जातो.

या देशात काही झालेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. १९६२ पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आले. अहमदाबादेत १९७२ साली गुजरात कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. २०१२ साली राष्ट्रीय कर्करोग जाल विणले जाऊ लागले आणि आज तीनशेहून अधिक संस्था त्यात आहेत. तरीही परळच्या पदपथावर अंथरूण टाकून बसलेले रुग्ण आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोलीची वाट पाहणारी कुटुंबे हे दृश्य सरलेले नाही. बडोद्याहून मुंबई रुळांनी सुमारे चारशे किलोमीटर. हे अंतर गाडीने एका रात्रीत तोडता येते. पण तपासणीला एक खेप, अहवालाला दुसरी, भूलतज्ज्ञाच्या भेटीला तिसरी अशा खेपा घालताना मजुरी बुडते, दागिना गहाण पडतो, आणि चौथ्या खेपेचे भाडे जुळेपर्यंत आणखी एक महिना निघून जातो. उत्तम रुग्णालय दूर असणे हाही विलंबाचाच एक प्रकार आहे. केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांमधून कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उघडण्याचा संकल्प सोडला. औषधांचे डोस गावाजवळ मिळाले तर फार मोठी सोय होईल. पण तुकड्याची तपासणी आणि शस्त्रक्रिया यांची रांग त्याने आपोआप तुटणार नाही.

पैशाची अडचण सरकारी योजनांनी पूर्वीपेक्षा कमी केली आहे, हेही मान्य केले पाहिजे. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले. गुजरातने २०२३ मध्ये ते १० लाखांवर नेले. या योजनेनंतर कर्करोगाचा उपचार वेळेत सुरू होण्याचे प्रमाण वाढले, असे चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या संशोधकांना आढळून आले आहे. म्हणजे पैसा वेळ विकत घेऊ शकतो, हे सिद्ध झाले. मग जो वेळ पैशाने मिळत नाही, तो कशाने मिळेल? आमच्या मते, तो कायद्याने आणि हिशेबाने मिळेल.

आपल्या राज्यांनी एक चांगला कायदा केलेला आहे. गुजरात व गोवा यांनी २०१३ मध्ये, महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवांसाठी कालमर्यादा ठरविणारे अधिनियम संमत केले. त्यांच्यामुळे दाखला, शिधापत्रिका, परवाना यांसारखी अधिसूचित कामे किती दिवसांत व्हावीत याला मुदत आली. मुदत टळली तर अपील आहे, दंड आहे. नागरिकाचा कागद किती दिवसांत त्याच्या हाती पडावा, हे राज्य ठरविते. नागरिकाच्या शरीरातील गाठ किती दिवसांत काढावी, हे मात्र कोणीही ठरवीत नाही! कुबेराच्या शापाने अलकापुरीतून हद्दपार झालेल्या यक्षाच्या वनवासालाही एका वर्षाची मुदत होती. तो दिवस मोजू शकत होता. आपल्या कर्करुग्णाला आपली प्रतीक्षा किती दिवसांची हेही कोणी सांगत नाही.

मुदत घालून काय साधते, याची उदाहरणे आहेत. डेन्मार्कने २००७ साली कर्करोग हा तातडीचा रोग मानावा असे ठरविले आणि पुढच्या दोन वर्षांत प्रत्येक प्रकारच्या कर्करोगासाठी तपासणीपासून उपचारापर्यंतचा कालबद्ध मार्ग आखला. ब्रिटनने २००० सालच्या कर्करोग योजनेत दोन मुदती ठरविल्या. उपचाराचा निर्णय झाल्यापासून ३१ दिवस, आणि डॉक्टरने तातडीची चिठ्ठी दिल्यापासून ६२ दिवस. ही ६२ दिवसांची मुदत ब्रिटनला गेली कित्येक वर्षे पाळता आलेली नाही, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप खरा आहे. पण तो घेता येतो तो का? मुदत होती, मोजणी होती आणि ती प्रसिद्ध होत होती, म्हणून. तेथे अपयशाला आकडा आहे. त्या आकड्यावर संसदेत प्रश्न विचारले जातात आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. आपल्याकडे अपयशाला आकडाच नाही, म्हणून उत्तरदायीही कोणी नाही.

मनुष्यबळच अपुरे असता मुदतीचा आग्रह म्हणजे कागदी घोडे नाचविणे, असेही म्हटले जाईल. बडोद्याच्या वाचकांना या आक्षेपाचे उत्तर त्यांच्याच इतिहासात सापडेल. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, तेव्हा शिक्षकही पुरेसे नव्हते आणि शाळाही नव्हत्या. तरी १९०६ साली ती सक्ती साऱ्या संस्थानाला लागू झाली. बंधन आधी आले, त्या बंधनाने गरज उघडी पाडली, आणि गरजेने शाळा उभ्या करविल्या. साधने पुरेशी होतील तेव्हा कर्तव्य स्वीकारू, असे म्हणणारा राज्यकर्ता कर्तव्य कधीच स्वीकारीत नाही. परक्यांच्या सार्वभौमत्वाखालील एका संस्थानिकाला जे सुचले, ते स्वतंत्र भारतातील लोकनियुक्त सरकारांना सुचू नये काय?

यासाठी फार मोठ्या खर्चाची योजना प्रारंभी नको आहे. तुकड्याचा अहवाल ज्या दिवशी आला ती तारीख आणि ज्या दिवशी उपचार सुरू झाला ती तारीख, या दोन तारखा प्रत्येक सरकारी व योजनेत सामील असलेल्या खाजगी रुग्णालयाने नोंदवाव्यात. त्यांमधील अंतर दर तीन महिन्यांनी रुग्णालयवार जाहीर करावे. ज्या रुग्णाला चार आठवड्यांत शस्त्रक्रिया हवी असूनही देता येत नाही, त्याला दुसऱ्या रुग्णालयात पाठविण्याची जबाबदारी रुग्णावर नव्हे, तर त्या रुग्णालयावर असावी. योजनेच्या पूर्वमंजुरीत कर्करोगाच्या अर्जांना स्वतंत्र आणि अल्प मुदत असावी. त्या मुदतीत उत्तर आले नाही तर मंजुरी मिळाली असे समजावे. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक तरी माणूस असा असावा, ज्याचे काम रुग्णाचा हात धरून त्याला एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत नेणे हेच असेल. या पाच गोष्टींनी नवा शल्यचिकित्सक जन्माला येणार नाही, हे उघड आहे. पण कुठे किती शल्यचिकित्सक, किती भूलतज्ज्ञ आणि किती खाटा कमी आहेत, हे पहिल्यांदाच निश्चितपणे कळेल. आणि जे कळते ते मागता येते.

सरकारकडून मागायचे ते मागितलेच पाहिजे. पण घरातला विलंब दूर करण्यास कोणत्याही अधिनियमाची वाट पाहावी लागत नाही. तोंडात तीन आठवडे न भरणारा व्रण, तोंड पुरते न उघडणे, स्तनातील न दुखणारी गाठ, पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसलेले रक्त, शौचावाटे जाणारे रक्त, बसलेला आवाज, गिळताना होणारा अडथळा, यांपैकी काहीही आढळले तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. दुसरे मत अवश्य घ्यावे, तो रुग्णाचा हक्कच आहे; पण ते कर्करोगाच्या तज्ज्ञाचे असावे आणि आठ दिवसांच्या आत घ्यावे. डॉक्टरांना एक प्रश्न न संकोचता विचारावा: माझ्या रोगात किती दिवस थांबणे सुरक्षित आहे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक रोगाला निराळे असेल, पण ते मिळण्याचा अधिकार प्रत्येक रुग्णाला सारखाच आहे. लग्नाची तिथी पुढे ढकलता येते, दिवाळी पुढच्या वर्षी पुन्हा येते. घरातल्या आईला तपासणीसाठी नेण्याचा मुहूर्त मात्र आजचाच.

अलकापुरीचे गरनाळे दरवर्षी पावसात तुंबते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा मोकळे होते. त्याची वाट पाहण्यात तासांचा खोळंबा होतो, जीव जात नाही. कर्करुग्णाच्या वाटेतील पाणी आपोआप ओसरणारे नाही. ते उपसावे लागेल, आणि उपसण्यापूर्वी ते किती खोल आहे हे मोजावे लागेल. बडोद्यापासून पणजीपर्यंतच्या प्रत्येक आमदाराला त्याच्या मतदारांनी येत्या अधिवेशनापूर्वी एवढेच विचारावे: आपल्या जिल्ह्यात कर्करोगाचे निदान झाल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंत किती दिवस लागतात? त्याला हा आकडा सांगता आला नाही, तर तो का सांगता येत नाही हा पुढचा प्रश्न असावा.